वाळू, मेण आणि अंदाज

घोड्यांच्या शर्यतींविषयी मराठीत गंभीरपणे लिहिले जाण्याची परंपरा फारशी नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत 'तो रेसला जातो' हे वाक्य आवाज खाली आणूनच उच्चारले जात असे, आणि त्यात ते उच्चारणाऱ्याचा निकालही सामावलेला असे. रेसला जाणारा म्हणजे नशिबावर भिस्त ठेवणारा, घरदार धुळीला मिळवणारा, असा तो निकाल. तो सर्वस्वी चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र १९९६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मद्रास रेस क्लबशी संबंधित लक्ष्मणन खटल्यात याच विषयावर वेगळा निकाल दिला. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, केवळ योगायोगाचा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. घोड्याचा वंश, त्याची मागील कामगिरी, त्याच्या पाठीवरचे वजन, जॉकीची तयारी यांचा अभ्यास करून जाणकार मनुष्य निकालाचा अंदाज बांधू शकतो, हा त्यामागचा विचार होता.

हे कौशल्य नेमके कशाचे बनलेले आहे, हा प्रश्न आम्हांला बराच काळ खुणावत होता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही अपेक्षेप्रमाणे एप्सम किंवा महालक्ष्मी येथे न पोहोचता इंग्लंडमधल्या काही अनाकर्षक, वाऱ्याने झोडपलेल्या, कृत्रिम वाळूच्या मैदानांवर पोहोचलो. ज्यांना 'ऑल-वेदर' म्हणजे सर्व ऋतूंतल्या धावपट्ट्या म्हणतात, त्या या. अंदाज बांधणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवामान. तो इथे बाजूला काढला जाणार होता. त्यामुळे अंदाजाच्या शास्त्राची खरी कसोटी इथेच लागली, असे आमचे मत आहे. त्या कसोटीतून जे निष्पन्न झाले ते मात्र केवळ अंदाजापुरते राहिले नाही. ते सांगण्यासाठी हा लेख.

वजन आणि घड्याळ

प्रारंभ एकोणिसाव्या शतकापासून करावा लागेल. दोन घोड्यांपैकी कोणता किती चांगला, हे आकड्यात सांगण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय ॲडमिरल हेन्री जॉन राउस या निवृत्त नौदल अधिकाऱ्याकडे जाते. वयाच्या कोणत्या टप्प्यावर, वर्षाच्या कोणत्या महिन्यात, किती अंतरासाठी घोड्याने किती वजन वाहावे याचे कोष्टक त्याने तयार केले, आणि त्याच कोष्टकाचे सुधारित रूप आजही वापरात आहे. १८५१ साली यॉर्क येथे 'द फ्लाइंग डचमन' आणि 'व्होल्टिजर' या दोन नामवंत घोड्यांची सरळ लढत ठरली. आदल्या वर्षी व्होल्टिजरने डचमनला हरवले होते. वजने ठरविण्याचे काम राउसकडे आले आणि त्याने वयाने मोठ्या डचमनच्या पाठीवर साडेआठ पौंड जास्त ठेवले. दोन मैलांची ती लढत डचमनने सुमारे एका लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या शरीराच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकली. दोन मैलांच्या अखेरीस दोघांत एवढेच अंतर उरावे, यातच राउसच्या हिशेबाची अचूकता दिसते. पुढे १८५५ मध्ये तो अधिकृत हँडिकॅपर झाला.

हँडिकॅप या कल्पनेत एक सुंदर विरोधाभास आहे. हँडिकॅपरचा आदर्श असा की सर्व घोडे एकाच क्षणी अंतिम रेषेवर यावेत. पैसे लावणाऱ्याचे सारे काम या आदर्शातल्या त्रुटी शोधण्याचे. एकाने समानता निर्माण करायची आणि दुसऱ्याने त्या समानतेतली फट हुडकायची, असा हा दीडशेहून अधिक वर्षे चाललेला पत्रव्यवहार आहे. त्याची भाषा पौंडांची. पाच फर्लांगांच्या शर्यतीत एक लेंग्थ म्हणजे सुमारे तीन पौंड, मैलाच्या शर्यतीत सुमारे दोन, आणि दोन मैलांच्या शर्यतीत सुमारे एक, असा ढोबळ विनिमयदर जाणकार वापरतात. जो घोडा मैलभरात तीन लेंग्थने हरला, त्याला पुढच्या वेळी त्याच प्रतिस्पर्ध्याकडून सहा पौंडांची सवलत मिळाली, तर कागदावर दोघे समान झाले.

विसाव्या शतकात या भाषेला घड्याळाची जोड मिळाली. लीड्स विद्यापीठातून गणित शिकलेला आणि काही काळ शाळामास्तर असलेला फिल बुल याने १९४८ मध्ये 'टाइमफॉर्म' ही संस्था स्थापन केली. कोण कोणाच्या पुढे आला एवढे पाहून भागत नाही, तो किती वेळात आला हेही पाहिले पाहिजे, हा त्याचा आग्रह. अमेरिकेत १९७५ साली अँड्र्यू बेयर याच्या 'पिकिंग विनर्स' या पुस्तकाने हाच विचार सामान्य वाचकापर्यंत नेला. बेयरची कल्पना थोडक्यात अशी: प्रत्येक मैदानावर प्रत्येक अंतरासाठी प्रत्येक दर्जाच्या घोड्यांचा एक अपेक्षित वेळ असतो. एखाद्या दिवशी सगळ्याच शर्यती अपेक्षेपेक्षा सेकंदभर सावकाश झाल्या, तर दोष घोड्यांचा नसून त्या दिवशीच्या जमिनीचा आहे. तेवढा सेकंद वजा केला की घोड्याचा खरा वेग उरतो.

या 'वजा करण्या'तच सगळी मेख आहे. इंग्लंडमधली हिरवळ सकाळी एक असते आणि दुपारच्या सरीनंतर दुसरी. आपल्याकडेही पावसाळ्यात शर्यती पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला, ही विभागणी जमिनीच्या आणि पावसाच्या नात्यावरच उभी आहे. भिजलेल्या, जड जमिनीवर जिंकलेला घोडा कोरड्या, टणक जमिनीवर काय करील, हा प्रश्न अंदाजकर्त्याला कायम छळत आला. ज्याचे माप घ्यायचे त्या घोड्याबरोबर मोजपट्टीही बदलत असेल, तर मोजणे म्हणजे नेमके काय?

हिवाळ्यातली प्रयोगशाळा

ऑल-वेदर धावपट्ट्या या प्रश्नाच्या उत्तरादाखल मात्र बांधल्या गेल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. त्यांच्या जन्मामागे व्यवहार होता. ब्रिटनमध्ये १९६१ पासून बेटिंगची दुकाने कायदेशीर झाली आणि त्याच वर्षी बेटिंगच्या उलाढालीतला वाटा शर्यतींच्या व्यवसायाकडे वळविणारे लेव्ही बोर्डही स्थापन झाले. तेव्हापासून दुकाने उघडी आणि शर्यती बंद, ही स्थिती दोन्ही बाजूंना परवडेनाशी झाली. हिम आणि दहिवर यांमुळे जानेवारी-फेब्रुवारीत दिवसच्या दिवस शर्यती रद्द होत. तेव्हा गोठणार नाही आणि चिखलही होणार नाही अशी जमीन हवी होती. ३० ऑक्टोबर १९८९ रोजी लिंगफील्ड येथे ब्रिटनमधल्या पहिल्या ऑल-वेदर शर्यती झाल्या आणि त्यानंतर लवकरच साउथवेल सुरू झाले. १९९३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे अशीच पट्टी आली, तीही विजेच्या झोताखाली. रात्रीच्या प्रकाशात शर्यती घेणारे ते ब्रिटनमधले पहिले मैदान.

लिंगफील्डची पट्टी 'इक्विट्रॅक' नावाची, म्हणजे रासायनिक लेप दिलेल्या वाळूची. साउथवेल आणि वुल्व्हरहॅम्प्टनची 'फायबरसँड', म्हणजे कृत्रिम तंतू मिसळलेली वाळू. जुन्या रसिकांनी या शर्यतींची येथेच्छ टिंगल केली. बक्षिसे लहान, घोडे सामान्य, प्रेक्षक तुरळक. इंग्लंडच्या शर्यतींचा हिरवागार, सरदारी थाट इथे कुठे दिसणार? बेटिंगच्या दुकानातल्या पडद्यासाठी चालविलेला कारखाना, अशीच त्यांची संभावना झाली.

अंदाजकर्त्याच्या दृष्टीने मात्र या कारखान्याचे रूप निराळे होते. तेच शेदोनशे घोडे, त्याच दोनतीन मैदानांवर, त्याच अंतरावर, हिवाळाभर आठवड्याआठवड्याने पळत. जमिनीच्या वर्णनासाठी हिरवळीवर जी लांबलचक शब्दावली लागते, तिच्या जागी 'स्टँडर्ड' आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे वेगवान किंवा मंद, एवढ्याच छटा उरल्या. प्रयोगशाळेत एक घटक सोडून बाकी सगळे स्थिर ठेवावे, तसे इथे काहीसे घडले होते. ज्यांना आकड्यांत रस होता त्यांनी ही संधी ओळखली. नामवंत घोड्यांमागे धावणाऱ्या गर्दीला ज्यांची नावेही ठाऊक नव्हती, अशा घोड्यांच्या वह्या भरू लागल्या.

त्या वह्यांनी पहिला धडा दिला तो हा, की स्थिर जमीन म्हणजे एकच जमीन नव्हे. इक्विट्रॅकवर पळणे वेगाचे होते. तिथे आघाडी घेतलेला घोडा मागच्यांना सहसा सापडत नसे. फायबरसँड खोल आणि दमवणारी. तिथे ताकद आणि चिकाटी लागे, आणि पुढच्या घोड्याच्या टापांनी उडणारी वाळू तोंडावर घेत मागून येणे कित्येक घोड्यांना मुळीच मानवत नसे. साउथवेलवर पुनःपुन्हा जिंकणारे आणि इतरत्र कुठेच न चालणारे घोडे पुढे प्रसिद्धच झाले. तेव्हा 'ऑल-वेदरचा घोडा' ही जात अस्तित्वात नाही. लिंगफील्डचा घोडा असतो आणि साउथवेलचा घोडा असतो. ब्रिटिश हँडिकॅपर आज हिरवळीसाठी एक आणि ऑल-वेदरसाठी दुसरा असे स्वतंत्र गुणांक ठेवतात, पण दुसऱ्या गुणांकातही किती निरनिराळी मैदाने कोंबलेली असतात हे अभ्यासकाला स्वतःच सोडवावे लागते.

दुसरा धडा वळणांचा. अंडाकृती मैदानावर आतल्या बाजूने सुरुवात करणाऱ्या घोड्याला कमी अंतर पळावे लागते. त्यामुळे पहिले वळण सुरुवातीच्या फाटकापासून किती जवळ आहे, यावर फाटकाच्या क्रमांकाची किंमत ठरते. बाकीची मैदाने डावीकडे वळतात, तर २००६ मध्ये ऑल-वेदर झालेले केम्प्टन उजवीकडे. २०१६ मध्ये न्यूकॅसलला तर सरळ मैलाची ऑल-वेदर पट्टी आली. तिथे वळणाचा प्रश्नच मिटला आणि दमाचा प्रश्न पुढे आला.

तिसरा धडा सर्वांत सूक्ष्म होता आणि त्याने घड्याळावरच्या भाबड्या श्रद्धेला तडा दिला. लिंगफील्डवर २००१ मध्ये 'पॉलीट्रॅक' आली. वाळू, कृत्रिम तंतू आणि रबराचे तुकडे मेणात घोळवून केलेली ही पट्टी आधीच्यांपेक्षा मऊ आणि न्याय्य होती. पण तिथे जॉकी बहुतेक अंतर संथ चालीने काढत आणि उतारावरच्या वळणानंतर एकदम सुसाट सुटत. शर्यतीचा एकूण वेळ साहजिकच मंद येई. त्या वेळेवरून घोडा सामान्य ठरे, आणि तोच घोडा पुढच्या वेळी जलद चालीच्या शर्यतीत सगळ्यांना मागे टाकी. एकूण वेळेपेक्षा शेवटचे काही फर्लांग किती वेळात गेले, हे मोजण्याची निकड अशा शर्यतींतून स्पष्ट झाली.

भाव नावाचा आरसा

इथे एक क्षण थांबून 'शक्यता आजमावणे' याचा नेमका अर्थ पाहू. जिंकणारा घोडा ओळखणे म्हणजे अंदाज, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. एखाद्या घोड्याचा भाव एकाला तीन असेल, तर बाजाराच्या मते तो चारांपैकी एकदा जिंकेल, म्हणजे शक्यता २५ टक्के. अभ्यासकाच्या मते ती ३० टक्के असेल, तर तो घोडा घेण्याजोगा. २० टक्के असेल, तर तोच घोडा टाळण्याजोगा. आणि या दोन्ही प्रसंगी तो घोडा बहुधा हरणारच आहे! सर्व घोड्यांच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज केली तर ती शंभराहून जास्त भरते. हा जास्तीचा भाग म्हणजे बुकीचा वाटा. अभ्यासकाला आधी हा वाटा भरून काढावा लागतो आणि मगच नफ्याची भाषा बोलता येते.

या बाजाराच्या आरशातही विकृती असते, हे १९४९ मध्ये ग्रिफिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखविले. लोक लांबच्या भावाच्या घोड्यांवर योग्यतेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि आवडत्या घोड्यांवर कमी. पुढे १९८६ मध्ये बोल्टन आणि चॅपमन यांनी अनेक घटकांवरून प्रत्येक घोड्याची शक्यता काढणारे संख्याशास्त्रीय प्रारूप मांडले आणि बिल बेंटर याने हाँगकाँगमध्ये त्याच धर्तीवर संगणकाच्या साह्याने मोठी कमाई केली. १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बेंटरने जे लिहिले ते आम्हांला या सगळ्या इतिहासातले सर्वांत नम्र विधान वाटते. त्याचे आशयाने सार असे, की केवळ स्वतःच्या प्रारूपावर विसंबणे पुरेसे नव्हते; लोकांनी ठरविलेला भावही त्यात मिसळावा लागला, कारण गर्दीला असे काही ठाऊक असते जे कोष्टकात येत नाही.

ऑल-वेदरवर याचा परिणाम असा झाला की जसजशा वह्यांचे संगणकीय कोठार झाले, तसतसे त्या वह्यांतले ज्ञान भावात विरघळत गेले. अमुक मैदानावर आतले फाटक चांगले, हे एकालाच ठाऊक होते तोवर त्याची किंमत होती. सर्वांना ठाऊक झाल्यावर आतल्या फाटकाचा घोडा आपसूक महाग झाला. आणि जमिनीच बदलल्या तेव्हा तर वह्याच निकालात निघाल्या. वुल्व्हरहॅम्प्टनने १९९३ नंतर आधी फायबरसँड, २००४ पासून पॉलीट्रॅक आणि २०१४ पासून 'टॅपेटा' अशा तीन जमिनी पाहिल्या. साउथवेलची फायबरसँड २०२१ मध्ये गेली आणि तिथेही टॅपेटा आली. तीस वर्षांत साठवलेले 'साउथवेलचे ज्ञान' त्या हिवाळ्यात केवळ इतिहास झाले. टॅपेटाचा जनक मायकल डिकिन्सन हा एकेकाळचा विख्यात ट्रेनर. १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे त्याचेच होते. त्याने ही जमीन घडविली ती अभ्यासकांच्या वह्यांसाठी नव्हे, घोड्यांच्या पायांसाठी. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

समुद्रापलीकडचा प्रयोग

अमेरिकेत शर्यतींची मुख्य जमीन हिरवळ नसून माती आहे. तिला तिथे डर्ट म्हणतात. बेयरचे सारे गणित या मातीवर वाढलेले. २००५ मध्ये केंटकीतल्या टर्फवे पार्कने पॉलीट्रॅक घातली, २००६ मध्ये कीनलंडने तिचे अनुकरण केले, आणि कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने तर राज्यातल्या प्रमुख मैदानांना २००७ च्या अखेरपर्यंत कृत्रिम जमीन घालण्याचे बंधन घातले. उद्देश स्वच्छ होता: घोड्यांचे मृत्यू कमी करणे.

अंदाजकर्त्यांची मात्र त्रेधा उडाली. डेल मार येथील पॅसिफिक क्लासिक ही सव्वा मैलाची शर्यत २००३ मध्ये 'कँडी राइड'ने मातीवर १ मिनिट ५९.११ सेकंदांत जिंकली होती. २००७ मध्ये नव्या पॉलीट्रॅकवर विजेत्या 'स्टुडंट काउन्सिल'ला २ मिनिटे ०७.२९ सेकंद लागले. आठ सेकंदांचा हा फरक लेंग्थच्या भाषेत चाळीसच्या पुढे जातो. शिवाय सकाळच्या गारव्यात ती जमीन एक असे आणि दुपारच्या उन्हात दुसरी, कारण मेण तापले की त्याचे गुणधर्म बदलतात. पावसाला दाराबाहेर ठेवले होते. हवामान खिडकीतून, तापमानाच्या रूपाने आत आले. सँटा अनीटाला तर तेवढीही चैन लाभली नाही. तिथली नवी पट्टी पाण्याचा निचराच करीना आणि जानेवारी २००८ मध्ये 'सर्व ऋतूंच्या' या मैदानावर पावसामुळे अनेक दिवसांच्या शर्यती रद्द कराव्या लागल्या.

कागदावरचे अंदाजही कोसळू लागले. २००७ मध्ये कीनलंडच्या पॉलीट्रॅकवर 'डॉमिनिकन'ने 'स्ट्रीट सेन्स'ला निसटते हरवले. काही आठवड्यांनी केंटकी डर्बीच्या मातीवर स्ट्रीट सेन्स जिंकला आणि डॉमिनिकन कुठल्या कुठे राहिला. २००८ मध्ये सँटा अनीटाच्या कृत्रिम जमिनीवर ब्रीडर्स कप क्लासिक झाली, तेव्हा मातीचा निर्विवाद राजा 'कर्लिन' चौथा आला. पहिले दोन, 'रेव्हन्स पास' आणि 'हेन्रीदनॅव्हिगेटर', युरोपच्या हिरवळीवरचे होते. पुढच्या वर्षी त्याच जमिनीवर 'झेन्याटा' ही घोडी क्लासिक जिंकणारी पहिली मादी ठरली. तरीही ती मातीवर कितपत श्रेष्ठ, हा वाद २०१० मध्ये ती चर्चिल डाउन्सच्या मातीवर केवळ मानेएवढ्याही नव्हे, डोक्याएवढ्या फरकाने हरेपर्यंत चालूच राहिला. २०११ चा डर्बी-विजेता 'ॲनिमल किंगडम' पॉलीट्रॅकवरची शर्यत जिंकून आला होता. मातीवर तो कधीच पळालेला नसल्याने लोकांनी त्याला एकाला वीसहून अधिक भाव दिला, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी शक्यता. तो जिंकला, आणि २०१३ मध्ये दुबई वर्ल्ड कपही जिंकला. तिथे तेव्हा टॅपेटा होती.

या घटनांकडे दोन प्रकारे पाहता येते. एक, कृत्रिम जमीन लबाड आहे, ती खऱ्या घोड्यांना हरवते. दोन, आजवर आम्ही ज्याला घोड्याची 'खरी गुणवत्ता' म्हणत होतो ती वास्तविक घोडा आणि माती यांच्यातली सोबत होती, आणि जमीन बदलताच आमचे अज्ञान उघडे पडले. अमेरिकेतल्या बऱ्याच पैसे लावणाऱ्यांनी, ट्रेनरांनी आणि मातीसाठी घोडे निपजविणाऱ्यांनी पहिली बाजू उचलली. सँटा अनीटा २०१० च्या अखेरीस मातीकडे परतले, कीनलंड २०१४ मध्ये, डेल मार २०१५ मध्ये. दुबईच्या मेदानने २०१० मध्ये घातलेली टॅपेटाही पाच वर्षांतच काढून टाकली. कीनलंडला २०१५ मध्ये ब्रीडर्स कप मिळाला आणि त्याच्या नव्या मातीवर 'अमेरिकन फेरोआ'ने क्लासिक जिंकली. सर्वांना हायसे वाटले. आकडे पुन्हा ओळखीचे झाले.

पुस्तिकेत नसलेला रकाना

आता तो राहिलेला मुद्दा. शर्यतीच्या पुस्तिकेत प्रत्येक घोड्यापुढे वय, वजन, वंश, जॉकी, मागच्या शर्यतींतले क्रमांक असे रकाने असतात. घोडा शर्यतीतून जिवंत परत येण्याची शक्यता किती, हा रकाना नसतो. ती शक्यता खूप मोठी असते म्हणून तिची कोणी दखल घेत नाही. पण तीही एक शक्यताच आहे, आणि जमिनीप्रमाणे ती बदलते.

ब्रिटनला हे लवकर कळले. सुरुवातीला ऑल-वेदरवर अडथळ्यांच्या शर्यतीही होत. घोडे मरू लागल्यावर १९९४ मध्ये त्या थांबविण्यात आल्या. अमेरिकेत जॉकी क्लबने २००८ पासून प्राणघातक दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवण्यास आरंभ केला. २००९ मध्ये दर हजार धावांमागे २ घोडे दगावत. २०२३ पर्यंत हे प्रमाण १.३२ वर आले. जमिनीनुसार पाहिले तर २०२३ मध्ये मातीवर ते सुमारे १.४ होते, हिरवळीवर त्याहून कमी, आणि कृत्रिम जमिनीवर सर्वांत कमी, हजारी एकाहूनही थोडे खाली. डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका हंगामात सँटा अनीटा येथे, म्हणजे कृत्रिम जमीन उखडून पुन्हा माती घातलेल्या त्याच मैदानावर, ३० घोडे मेले आणि साऱ्या देशात गदारोळ झाला.

आम्ही इथे घाईने न्याय देऊ इच्छित नाही. २०१० च्या सुमारास हे आकडे पुरेसे साचलेले नव्हते. पहिल्या पट्ट्यांचा निचरा, देखभाल आणि खर्च यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. कृत्रिम जमिनीवर निराळ्या प्रकारच्या दुखापती होतात असेही ट्रेनर सांगत. आणि तपासण्या कडक झाल्यावर मातीवरचे प्रमाणही पुष्कळ खाली आले, हे वरच्या आकड्यांतच दिसते. सँटा अनीटाच्या त्या हंगामातही असामान्य पाऊस होता. जमीन हे एकच कारण नव्हते. तरीही परतीच्या त्या निर्णयांमागच्या कारणांत 'आम्हांला हे वाचता येत नाही' हे कारण ठळकपणे होते, हे विसरता येत नाही. अंदाज बांधणे अवघड झाले म्हणून उलाढाल धोक्यात, उलाढाल धोक्यात म्हणून जमीन नकोशी, अशी ती साखळी होती. घोड्याला सोयीची जमीन आणि वाचणाऱ्याला सोयीची जमीन यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा वाचणाऱ्याची सोय जड ठरली.

ब्रिटनमध्ये याच काळात उलटे घडले, हे विशेष. तिथल्या ऑल-वेदरची टिंगल हळूहळू थांबली. १८ एप्रिल २०१४ च्या गुड फ्रायडेला लिंगफील्ड येथे ऑल-वेदर अजिंक्यपदाच्या पहिल्या अंतिम शर्यती झाल्या. 'एनेबल' ही अलीकडची थोर घोडी नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूकॅसलच्या टॅपेटावर पहिल्यांदा धावली, आणि २०१८ मध्ये केम्प्टनच्या पॉलीट्रॅकवर सराव-शर्यत जिंकून मग पॅरिसची आर्क जिंकती झाली. तिथल्या अभ्यासकांनी नवी जमीन शिकून घेतली, इतकेच. शिकता येत होती, हे त्यावरून सिद्ध होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या शब्दाकडे, 'कौशल्या'कडे, आम्ही परत येतो. राउसची साडेआठ पौंडांची सूक्ष्मता, बुलचे घड्याळ, बेयरची वजाबाकी, बेंटरचे प्रारूप, आणि लिंगफील्डच्या थंडीत नावही नसलेल्या घोड्यांच्या वह्या भरणारे ते अनामिक अभ्यासक यांच्याकडे पाहता ते कौशल्य आहे याविषयी आम्हांला शंका उरत नाही. रेसला जाणाऱ्याविषयीचा आपल्या घरांतला जुना निकाल तेवढ्यापुरता दुरुस्त करावा लागेल. पण कोणत्याही कौशल्याची परीक्षा ते काय ओळखते यावर होते, तशी ते कशाकडे पाठ फिरवते यावरही होते. जमीन बदलली तेव्हा या कौशल्यासमोर दोन मार्ग होते: नवी वही उघडणे किंवा जुनी जमीन परत मागणे. दोन देशांनी दोन मार्ग धरले. त्यांतल्या कोणत्या मार्गावर घोडे जास्त सुखरूप घरी पोहोचतात, याची नोंद आता ठेवली जाऊ लागली आहे. शर्यतीची पुस्तिका हातात घेणाऱ्याने तीही वाचावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.